उत्परिवर्ती तेलबिया आणि दाण्याच्या उत्पन्नाचा प्रश्न

बियांवर क्ष-किरण किंवा गॅमा किरण सोडले की त्यांतून दुप्पट उत्पन्न देणारे एखादे झाड निघते आणि त्याचे बी वाढवले की नवा वाण तयार होतो, अशी एक समजूत उत्परिवर्तन-पैदाशीबद्दल सुशिक्षितांतही आढळते. तेलबियांच्या बाबतीत प्रत्यक्ष इतिहास असा सरळ नाही. किरणांनी किंवा रसायनांनी जो बदल घडतो तो बहुतेक वेळा एखाद्या जनुकापुरता असतो, तर हेक्टरी उत्पन्न हा अनेक जनुकांच्या, आणि त्यांच्या जोडीला जमीन, पाणी व हवामान यांच्या एकत्रित परिणामातून ठरणारा गुण असतो. त्यामुळे एका जनुकाच्या बिघाडाने उत्पन्न घटण्याची शक्यता जितकी असते तितकी ते वाढण्याची नसते. असे असूनही उत्परिवर्तनाच्या आधाराने भुईमुगाचे उत्पन्न वाढले, आणि त्या कामाचा मोठा भाग महाराष्ट्रातच, तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात आणि राज्यातील कृषी विद्यापीठांच्या शेतांवर झाला, ही वस्तुस्थिती आहे. हे उत्पन्न नेमके कोणत्या वाटेने वाढले, याचा शोध हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

सजीवाच्या आनुवंशिक द्रव्यात अचानक होणारा आणि पुढच्या पिढीत उतरणारा बदल म्हणजे उत्परिवर्तन. असा बदल ज्या झाडात दिसतो ते उत्परिवर्ती झाड होय. ही संकल्पना डच वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्ह्रीस यांनी १९०१ मध्ये मांडली, आणि निसर्गात क्वचित घडणारी ही घटना क्ष-किरणांनी हवी तेव्हा घडवता येते हे हर्मन म्युलर यांनी १९२७ मध्ये फळमाशीवर व त्यानंतर लगेचच लुइस स्टॅडलर यांनी सातू व मक्यावर सिद्ध केले. स्टॅडलर स्वतः या तंत्राच्या व्यावहारिक उपयोगाबद्दल साशंक होते, आणि त्यांचा संशय निराधार नव्हता, कारण किरणांनी घडलेले बहुसंख्य बदल झाडाला अपायकारकच असतात. रासायनिक उत्परिवर्तकांचा शोध युद्धकाळातला आहे: एडिंबरोत शार्लट ऑरबाख आणि जे. एम. रॉबसन यांनी मस्टर्ड गॅसने उत्परिवर्तने घडतात हे दाखवले. या वायूचा मोहरीच्या पिकाशी वासाखेरीज कसलाही संबंध नाही, हे तेलबियांच्या संदर्भात नमूद केलेले बरे.

तेलबियांत हे तंत्र प्रथम फळले ते स्वीडनमध्ये, आणि तेथील पांढऱ्या मोहरीचा ‘प्रायमेक्स’ हा १९५० मधील वाण उत्परिवर्तनातून निघालेल्या तेलबियांच्या वाणांत अगदी सुरुवातीचा मानला जातो. भुईमुगापुरते पाहायचे तर खरा पाया अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना येथे वॉल्टन ग्रेगरी यांनी घातला. त्यांनी १९४९ मध्ये भुईमुगाच्या बियांवर मोठ्या प्रमाणावर क्ष-किरण सोडले, आणि इतरांप्रमाणे केवळ डोळ्यांत भरणारी विचित्र झाडे न निवडता, दिसायला सर्वसाधारण असलेल्या झाडांच्या संततीतही उत्पन्नाची तफावत वाढली आहे काय, हे मोजले. ती वाढली होती. पानाचा आकार किंवा झाडाची उंची ठळकपणे बदलणाऱ्या उत्परिवर्तनांना स्थूल आणि मोजल्याशिवाय न कळणाऱ्यांना सूक्ष्म उत्परिवर्तने म्हणतात. उत्पन्न वाढवायचे तर दुसऱ्या प्रकाराकडे लक्ष द्यावे लागते, हा ग्रेगरींचा निष्कर्ष पुढच्या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे. त्यांच्या प्रयोगातून १९५९ मध्ये एक वाणही निघाला, पण त्या वाणापेक्षा त्यांची मोजण्याची रीत अधिक टिकाऊ ठरली.

गॅमा किरण कोबाल्ट-६० या किरणोत्सारी समस्थानिकापासून मिळतात. ते बियांतून आरपार जाताना पेशीतील पाण्याचे व डीएनएचे रेणू मोडतात. पेशी हा मोड दुरुस्त करू पाहते, आणि दुरुस्तीत राहिलेली चूक म्हणजेच उत्परिवर्तन. किरणांमुळे डीएनएचे लहानमोठे तुकडे गळून पडण्याचे प्रमाण जास्त असते, तर इथाइल मिथेन सल्फोनेटसारख्या रसायनामुळे बहुधा एखादेच अक्षर बदलते. गॅमा किरणांनी बी स्वतः किरणोत्सारी होत नाही, आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारे बियाणे किरण दिलेल्या बियांपासून अनेक पिढ्या दूर असते. ही साधी गोष्ट वारंवार सांगावी लागते यात दोष शास्त्राचा कमी आणि शास्त्र सांगणाऱ्यांचा जास्त आहे.

किरणांची मात्रा ग्रे या एककात मोजतात. एक किलोग्रॅम पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली तर ती मात्रा एक ग्रे होते. भुईमुगाला दोन-तीनशे ग्रे पुरतात. मोहरीचे एवढेसे बी मात्र त्याच्या कितीतरी पट मात्रा सोसते, आणि तीळ या दोघांच्या मधे बसतो. प्रत्येक पिकाची सोसण्याची मर्यादा आधी रोपे वाढवून ठरवावी लागते, कारण मात्रा कमी पडली तर बदल घडत नाहीत आणि जास्त झाली तर बदल दाखवायला झाडच उरत नाही.

किरण दिलेल्या बियांपासून उगवलेल्या झाडांना पहिली उत्परिवर्ती पिढी म्हणतात, आणि या पिढीत निवड करणे जवळजवळ निरर्थक असते. बियातील अंकुरात आधीच अनेक पेशी असतात. त्यांपैकी एखाद्याच पेशीत बदल झालेला असतो, आणि त्या पेशीपासून वाढलेली एखादी फांदीच काय ती बदललेली असते. शिवाय बहुतेक उत्परिवर्तने अप्रभावी असतात, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असल्याशिवाय ती दिसत नाहीत. ती प्रकट होतात स्वपरागीकरणानंतरच्या दुसऱ्या पिढीत, आणि म्हणून या पिढीत झाडांची संख्या प्रचंड ठेवावी लागते. एखाद्या विशिष्ट जनुकात बदल होण्याची शक्यता दहा हजारांत एक धरली, तर तो बदल निदान एकदा तरी हाती लागण्याची ९५ टक्के खात्री हवी असल्यास सुमारे ३०,००० पेशींची संतती तपासावी लागेल, असे साधे गणित सांगते. उत्परिवर्तन-पैदास ही प्रयोगशाळेतली मानली जात असली, तरी तिचे खरे कष्ट उन्हात, ओळीओळीने चालत, झाड न् झाड न्याहाळण्याचे आहेत.

भुईमुगात यात आणखी एक अडचण आहे. हे पीक दोन वेगवेगळ्या रानटी जातींच्या नैसर्गिक संकरातून जन्मले असून त्याच्या ४० गुणसूत्रांत दोन्ही पूर्वजांचे संच जसेच्या तसे नांदतात. परिणामी पुष्कळ जनुकांच्या जोड्या दुहेरी आहेत, आणि एका संचातील जनुक बिघडले तरी दुसऱ्या संचातील त्याचा जोडीदार काम चालू ठेवतो. याचे सुबोध उदाहरण तेलातील ओलिक आम्लाचे आहे. ओलिक आम्लाचे लिनोलिक आम्लात रूपांतर करणारे जनुक भुईमुगात दोन्ही संचांत आहे. दोन्ही ठिकाणी ते निकामी झाले तरच ओलिकचे प्रमाण ८० टक्क्यांच्या घरात जाते, तेल लवकर खवट होत नाही आणि दाण्याची साठवण लांबते. असा भुईमूग फ्लोरिडात सापडला आणि त्याची नोंद १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातील दोन्ही बदल किरणांनी घडवलेले नव्हते, तर निसर्गतःच झालेले होते. पहिल्या संचातील बिघाड लागवडीतील अनेक वाणांत मुळातच होता. नेमक्या दुसऱ्या बिघाडाची वाट पाहावी लागली.

तुर्भे येथे १९५० च्या दशकाच्या अखेरीस, भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव मिळण्याच्या बऱ्याच आधी, ‘स्पॅनिश इम्प्रूव्हड’ या उपट्या भुईमुगाच्या बियांवर क्ष-किरण सोडून कामाला आरंभ झाला. एस. एच. पाटील आणि त्यांच्यानंतर डी. एम. काळे ही या कामाशी प्रामुख्याने जोडली गेलेली नावे आहेत. उपटी, निमपसरी आणि पसरी हे भुईमुगाचे तीन प्रकार शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. उपट्यात शेंगा खोडाजवळ झुबक्याने लागतात, झाड उपटले की बहुतेक शेंगा हाती येतात, आणि पीक लवकर निघते. या उपट्या झाडातून मिळालेल्या उत्परिवर्तींमध्ये मोठ्या दाण्याचा एक होता आणि तोच ‘टीजी-१’ अर्थात ‘विक्रम’ या नावाने १९७३ मध्ये प्रसारित झाला. नावातील टी हे अक्षर तुर्भ्याच्या ट्रॉम्बे या इंग्रजी नावाचे आणि जी हे भुईमुगाच्या इंग्रजी नावाचे आहे.

मोठा दाणा म्हणजे मोठे उत्पन्न असे मात्र नसते. झाडाने तयार केलेले अन्न ठरावीक असेल तर दाणा मोठा झाल्यावर दाण्यांची संख्या घटते, आणि वजनाची बेरीज जवळपास तिथेच राहते. पैदासशास्त्रात याला भरपाई म्हणतात. मोठा दाणा महाग बियाणेही मागतो. ३० सेंटीमीटरवर ओळी आणि १० सेंटीमीटरवर टोकण केली तर हेक्टरी सुमारे ३,३३,००० दाणे लागतात. शंभर दाण्यांचे वजन ४० ग्रॅम असेल तर हे बियाणे १३३ किलो होते आणि ७० ग्रॅम असेल तर २३३ किलो, म्हणजे दाणा मोठा केल्याबरोबर शेतकऱ्याने पेरणीच्या वेळीच एक क्विंटल जादा दाणे जमिनीला परत दिलेले असतात. भरीस भर म्हणून मोठी शेंग भरण्यास कॅल्शियम जास्त लागते. भुईमुगाची शेंग ते मुळांमार्फत पुरेसे मिळवू शकत नाही, तिला ते भोवतीच्या मातीतून थेट शोषावे लागते. आऱ्या, म्हणजे फुलांपासून निघून टोकाला शेंग धरणारे देठ, जमिनीत शिरण्याच्या सुमारास कॅल्शियम पुरवणारे जिप्सम दिले नाही तर मोठ्या दाण्याच्या वाणात पोचट शेंगांचे प्रमाण वाढते. मोठ्या दाण्याला खाण्यासाठी आणि निर्यातीसाठी भाव मिळतो हे खरे, पण ते बाजाराचे गणित आहे, उत्पन्नाचे नव्हे.

उत्पन्नाची वाट दुसऱ्या, दिसायला कमी आकर्षक उत्परिवर्तींनी दाखवली. काहींत उपशाखा कमी होत्या, काही ठेंगणे होते, काही लवकर पक्व होत. यांपैकी एकही स्वतः भरघोस उत्पन्न देणारा नव्हता. तुर्भ्याच्या पैदासकारांनी येथे जो निर्णय घेतला तो या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय म्हणावा लागेल: उत्परिवर्ती झाडाकडे त्यांनी तयार वाण म्हणून न पाहता संकरासाठीचा एक पालक म्हणून पाहिले, उत्परिवर्तींचा आपापसांत आणि लागवडीतील वाणांशी संकर केला, आणि एकेका झाडात विखुरलेले गुण एका झाडात आणले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने १९९१ मध्ये प्रसारित झालेला ‘टीएजी-२४’ हे याचे फळ. यातील ए हे अक्षर अकोल्याचे. हा वाण ठेंगणा, उभट, लवकर येणारा आहे, आणि त्याचा विशेष असा की झाडाच्या एकूण सुक्या वजनापैकी निम्म्याच्या आसपास भाग शेंगांत जातो. या गुणोत्तराला कापणी निर्देशांक म्हणतात. पसरणाऱ्या, फांद्या-पानांनी डवरलेल्या झाडावर शेवटपर्यंत फुले येत राहतात, उशिरा सुटलेल्या आऱ्यांच्या शेंगा काढणीपर्यंत भरत नाहीत, आणि पाल्याचा ढीग मोठा दिसला तरी शेंगांची पाटी हलकी राहते. टीएजी-२४ मध्ये झाडाची एकूण वाढ फारशी वाढलेली नाही. वाढीचे वाटप बदलले आहे. पाण्याची सोय असलेल्या उन्हाळी हंगामात, जेथे ऊन भरपूर आणि रोग कमी असतात, तेथे हे वाटप पूर्ण फळते, आणि त्यामुळेच हा वाण महाराष्ट्रात उन्हाळी भुईमुगाच्या पट्ट्यात रुजला.

यानंतरचे वाण याच पद्धतीने निघाले: राहुरीच्या विद्यापीठाबरोबरचा ‘टीपीजी-४१’, ज्यातील पी हे ‘फुले’चे अक्षर; लातूरच्या नावाचा ‘टीएलजी-४५’; आणि १९९० च्या दशकाच्या मध्याचा ‘टीजी-२६’. यांत टीजी-२६ वर थोडे थांबणे योग्य, कारण त्याने उत्पन्नाची व्याख्याच शेतकऱ्याच्या बाजूने दुरुस्त केली. एसबी-११ किंवा ‘फुले प्रगती’ यांसारख्या उपट्या वाणांच्या बियांना सुप्तावस्था नसते, म्हणजे पक्व झालेल्या दाण्याला ओल मिळताच तो उगवू लागतो. काढणीच्या तोंडावर वळवाचा पाऊस झाला की शेंगांना जमिनीतच कोंब फुटतात आणि तयार पीक डोळ्यांदेखत जाते. टीजी-२६ च्या ताज्या दाण्यांना सुमारे तीन आठवड्यांची सुप्तावस्था आहे. प्रयोगक्षेत्रावर, वेळेवर काढलेल्या पिकाच्या आकड्यांत हा गुण कोठेही दिसत नाही. घरी येणाऱ्या पोत्यांच्या संख्येत मात्र दिसतो. उत्पन्न देण्याची क्षमता आणि पदरात पडणारे उत्पन्न या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि उत्परिवर्तनाने दुसऱ्या गोष्टीत जितकी मदत केली तितकी पहिलीत केली किंवा नाही, हे खुले ठेवलेले बरे.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. टीएजी-२४ पानांवरील टिक्का आणि तांबेरा या बुरशीजन्य रोगांना बळी पडतो, आणि इतका निश्चितपणे पडतो की या रोगांच्या प्रतिकारक जनुकांचा शोध घेण्यासाठी पैदासकारांनी त्याचा धारवाडच्या ‘जीपीबीडी-४’ या प्रतिकारक वाणाशी संकर करून संततीचा अभ्यास केला. खरिपात, सततच्या पावसात, झाडाची पाने अकाली गळाली तर अन्नाचे वाटप कितीही उत्तम असले तरी वाटायला अन्नच राहत नाही. थोडक्या पानांवर भरपूर शेंगा पोसण्याची योजना पाने निरोगी राहतील या गृहीतावर उभी असते.

तिळाच्या इतिहासात उत्पन्नवाढीचा मोह किती फसवा असतो याचा धडा आहे. तिळाची बोंडे वाळली की वरून उकलतात आणि तीळ जमिनीवर सांडतो. यामुळे पेंढ्या बांधून उभ्या करून ठेवाव्या लागतात आणि यंत्राने काढणी करणे अवघड जाते. १९४३ मध्ये व्हेनेझुएलात डी. जी. लँगहॅम यांना न उकलणाऱ्या बोंडांचे एक नैसर्गिक उत्परिवर्ती झाड मिळाले, आणि प्रश्न सुटल्यासारखे वाटले. पण त्याच अप्रभावी जनुकाने पाने व फुले वेडीवाकडी होत, बीधारणा घटे, आणि बोंडे इतकी घट्ट मिटलेली राहत की मळणीत दाणे फुटत. एका जनुकाचे अनेक गुणांवर होणारे असे परिणाम पैदासकाराची पाठ सोडत नाहीत. इस्रायलमध्ये अम्राम आश्री यांनी गॅमा किरणांनी मिळवलेला, ठरावीक उंचीवर वाढ थांबणारा तीळ हा त्या मानाने अधिक विचारपूर्वक निवडलेला गुण होता, कारण त्यामुळे सगळी बोंडे जवळपास एकाच वेळी तयार होतात.

एरंडाची गोष्ट अधिक समाधानकारक आहे. न्यूट्रॉनांच्या माऱ्यातून भारतात मिळालेल्या ‘अरुणा’ या वाणाने पिकाचा कालावधी सुमारे नऊ महिन्यांवरून पाच महिन्यांच्या आत आणला; येथे हेक्टरी उत्पन्नापेक्षा जमीन मोकळी होण्याला अधिक मोल होते. सूर्यफुलात रशियातील क्रास्नोदार येथे रासायनिक उत्परिवर्तनातून आलेला भरपूर ओलिक आम्लाचा ‘पेर्व्हेनेत्स’, आणि जवसात ऑस्ट्रेलियातील ॲलन ग्रीन यांनी दोन उत्परिवर्तने एकत्र आणून घडवलेले, खवटपणा घालवलेले खाद्यतेल, ही दोन्ही मोठी कामे आहेत; पण ती तेलाच्या गुणवत्तेची आहेत, दाण्याच्या वजनाची नव्हेत, म्हणून येथे त्यांचा उल्लेख पुरे.

तेलबियांचे उत्पन्न तृणधान्यांइतके का नसते, हा प्रश्न अशा चर्चेत हटकून येतो आणि त्याचा दोष शेतकऱ्यावर किंवा पैदासकारावर टाकला जातो. एक ग्रॅम ग्लुकोजपासून वनस्पतीला सुमारे ०.८ ग्रॅम स्टार्च बनवता येतो, तेल मात्र जेमतेम एक तृतीयांश ग्रॅम. ज्या दाण्यात जवळपास निम्मे तेल आणि सुमारे चौथा हिस्सा प्रथिने आहेत, त्याच्या क्विंटलाची गव्हाच्या क्विंटलाशी तुलना करणे म्हणजे तुपाची ताकाशी लिटरवर तुलना करण्यासारखे आहे. याच कारणाने तेलाचे प्रमाण आणि दाण्याचे वजन ही दोन्ही एकदम वाढवण्याच्या घोषणांकडे सावधपणे पाहावे लागते.

सावधपणा मोजमापातही हवा. एका झाडाचे उत्पन्न हे त्याच्या जनुकांइतकेच त्याला मिळालेल्या जागेवर, शेजारचे झाड मेले की जगले यावर अवलंबून असते. म्हणून दुसऱ्या पिढीत शेंगांनी लगडलेले झाड दिसले तरी त्याची संतती पुढच्या वर्षी सर्वसाधारण निघण्याचीच शक्यता अधिक. हजार वाफ्यांतून सर्वांत वरचे वीस निवडले तर त्या विसांत नशिबाने वर आलेलेही असतात, आणि पुढच्या हंगामात ते सरासरीकडे घसरतात. म्हणून उत्परिवर्ती कुळांची चाचणी प्रचलित वाणाच्या शेजारी, पुनरावृत्तीने, अनेक ठिकाणी आणि अनेक हंगामांत घ्यावी लागते, आणि एका ठिकाणच्या एका वर्षाच्या आकड्यावर उभा केलेला उत्पन्नवाढीचा दावा, तो कोणीही केला तरी, अग्राह्य मानावा लागतो. २०१९ मध्ये लागवडीच्या भुईमुगाचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाल्यामुळे हवा तो बदल असलेले झाड रोपावस्थेतच डीएनए तपासून ओळखणे सोपे झाले आहे. दाण्याचे वजन मात्र अजूनही शेतातच, तराजूवर ठरते.

वाण सिद्ध झाल्यानंतरही तो शेतावर पोहोचण्याचा वेग पिकाच्या स्वभावाने ठरतो. मोहरीचे बी हेक्टरी पाच किलोच्या आसपास लागते, त्यामुळे एका हेक्टरच्या पिकातून शंभराहून अधिक हेक्टरांची पेरणी सहज होते. भुईमुगात एका हेक्टरच्या शेंगांतून पुढच्या हंगामात सुमारे आठ हेक्टरच पेरले जाते. सर्व शेंगा बियाण्यासाठीच राखल्या तर एका हेक्टरचा नवा वाण तीन हंगामांनंतर ५१२ हेक्टरांवर जातो. दर हंगामात त्यातल्या निम्म्या घाण्याकडे गेल्या, तर तो ६४ हेक्टरांवर राहतो.